गप्प पडणाऱ्या पावसाचं नाव

एकाच एसटीनं सहा वर्षं जाऊन-येऊन माणसाकडं दोन गोष्टी साठतात. एक गुडघेदुखी आणि दुसरे किस्से. गुडघ्यांना तेल लावता येतं. किश्शांचं काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून लिहायला बसले. त्यातही माझी पंचाईत अशी, की मी शाळेत मराठी शिकवते आणि तरीही किस्सा सांगताना शेवट आधीच सांगून मोकळी होते. नवरा म्हणतो, "तू सांगू नकोस, तू लिही. लिहिताना तरी खोडता येतं."

आमची गाडी सकाळची. सांगलीहून सुटते आणि तासगाव ओलांडून आमच्या शाळेच्या गावापर्यंत जाते. गाडीतल्या कायमच्या बायका आम्ही चौघी. हिराक्का आमच्या शाळेत पोषण आहार शिजवते, मूळची आटपाडीकडची, माहेरी मेंढरं. पाटील मॅडम माझ्या शेजारच्या वर्गावर. नवरा फौजेत, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात अधूनमधून छावणीतली हिंदी येते. विमलताई मधे कवलापूरला चढते. तासगावच्या पुढं बेदाण्याच्या शेडवर ती बायकांची मुकादम आहे, आणि गाडीत बसली तरी मुकादमच असते. चौथी मी. शिवाय जाधव कंडक्टर, ज्यांना आम्ही सगळ्या मिळून छळतो असं त्यांचं म्हणणं.

आज जे सांगणार आहे ते बहुतेक याच गाडीतलं, आणि एका नावाभोवतीचं. नाव माझ्या मुलीचं. दीमा.

शेवट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मला तो सांभाळत बसायला नको. दीमा अकरा दिवस होती.

*

नाव दुर्मिळच हवं हा हट्ट माझा. त्याला कारण होतं.

माझं नाव शबाना. डी.एड.ला आमच्या वर्गात चार शबाना होत्या. सर हजेरी घेताना "शबाना एक, शबाना दोन" असं म्हणायचे. मी तीन. निकालाच्या दिवशी शबाना दोन वर्गात पहिली आली आणि पेढ्यांचा पुडा सरांनी माझ्या हातात दिला. मलाही ते खरं वाटलं. दोन पेढे खाऊन झाल्यावर कळलं.

तेव्हाच ठरवलं, माझ्या मुलीला हाक मारली की दुसरी कुणी वळून बघणार नाही.

सातव्या महिन्यात पाटील मॅडमच्या मोबाइलवर शोधमोहीम सुरू झाली. नावांच्या त्या साइटवर प्रत्येक नावापुढं अर्थ, शुभ रंग आणि लोकप्रियतेची एक पट्टी असते. नाव जितकं चालतं तितकी पट्टी हिरवी. दीमा या नावापुढची पट्टी कोरी होती.

"अरे, ये तो बिलकुल नया माल है," पाटील मॅडम म्हणाल्या. "नेटवर्क गेलंय, का खरंच कुणी नाही?"

नेटवर्क होतं. खरंच कुणी नव्हतं. मला अखेर वर्गात पहिली आल्यासारखं वाटलं.

अर्थ मी गाडीत मोठ्यानं वाचून दाखवला. अरबीत दीमा म्हणजे पाऊस, पण कुठलाही नव्हे. ढगांचा गडगडाट नाही, वीज नाही. बारीक, एकसारखा, बराच वेळ पडत राहणारा.

विमलताईनं कपाळाला हात लावला. "पावसाचं नाव? बेदाण्याच्या मुलखात? आगं पोरी, आमी शेडवर नुसता ढग दिसला तरी त्याच्या आईबापाचा उद्धार करतो. पाऊस लागला की माल काळा. आता काय तुझ्या लेकीला शिव्या घालायच्या?"

"तुमाला नको आसंल तर आमच्याकडं धाडा," मागच्या सीटवरून हिराक्का म्हणाली. "आटपाडीकडं येतो त्यो वाजतगाजत, आन् अंगण भिजायच्या आत जातो. आसला गप पडणारा पाऊस आसतोय व्हय कुटं?"

"अरबस्तानात असतो म्हणे," मी म्हणाले.

"वाळवंटात?"

"हो."

हिराक्कानं खिडकीबाहेरच्या कोरड्या आभाळाकडं बघितलं. "मंग त्यास्नी लय वाट बघाय लागत आसंल," ती म्हणाली. "त्याबिगर एवढं निरखून नाव ठिवत न्हाईत."

साइटवर हे लिहिलेलं नव्हतं.

*

आता रुमालांचं सांगते.

आमच्या स्टँडवर जागा धरायची एकच रीत. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून आत रुमाल टाकायचा. रुमाल पडला ती सीट त्या बाईची. यावरून भांडणं होतात, पण रुमालाचा मान सगळे ठेवतात. अगदी कॉलेजची पोरंसुद्धा. आमच्यात हे काम हिराक्काचं, कारण तिचा नेम. लहानपणी मेंढरांमागं दगड भिरकावून झालेला सराव.

मला दिवस गेल्याचं कळलं त्या आठवड्यापासून हिराक्का माझ्यासाठी दोन रुमाल टाकायला लागली. माझा पांढरा आणि शेजारच्या सीटवर एक छोटा, पिवळा.

जाधव कंडक्टर आले. "हा दुसरा कुणाचा?"

"आतलीचा," हिराक्का म्हणाली.

"आतलीला सीट? मॅडमचं हाफ तिकीट, आणि आतलीचं तर तेही नाही."

"मंग उठवा की तिला. बघू उठती का."

जाधवांनी उठवलं नाही. सातवा महिना सरेपर्यंत मी दोन सीटवर ऐसपैस बसून गेले. भरलेल्या गाडीत उभी असलेली माणसं त्या पिवळ्या रुमालाकडं बघायची, मग माझ्या पोटाकडं बघायची आणि पुढं सरकायची. मला लाज वाटायची. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

*

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे रहिमतपूरला. माझे अब्बा तिथं शिंपीकाम करतात. गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश त्यांच्याच मशिनवरचे. मी जायच्या आधीच त्यांनी एक पांढरं टोपडं शिवून ठेवलं होतं आणि त्याच्या कडेला निळ्या दोऱ्यानं नाव घातलं होतं. टोपडं दुकानात समोरच टांगलेलं. गणवेशाचं माप द्यायला येईल तो विचारायचा, "चाचा, हे काय लिवलंय?" आणि अब्बा मापाची टेप गळ्यात अडकवून त्याला पूर्ण अर्थ सांगायचे. गडगडाट नाही, वीज नाही वगैरे. अम्मा वैतागायची. "मूल यायचं आहे अजून. आधी येऊ दे."

मूल आठव्यातच आलं. साताऱ्याला न्यावं लागलं, आणि ती काचेच्या पेटीत राहिली.

आमच्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात. अब्बा म्हणाले, दिवस चुकवायचा नाही. मग रहिमतपूरला घरात सगळे जमले, बाळ सोडून. मी साताऱ्यात पेटीशेजारी स्टुलावर. अब्बांनी फोन लावला, म्हणाले, "स्पीकर सुरू कर आणि तिच्याजवळ धर." मी सिस्टरकडं बघितलं. सिस्टर म्हणाली, "लवकर उरका." मी फोन काचेला लावला. तिकडून पंधरा-वीस माणसांनी एकदम हाक मारली. आवाज एवढा फुटला की शेजारच्या पेटीतलं बाळ दचकलं. आमचीनं फक्त एक पाय हलवला.

पेटीवर चिठ्ठी होती, "शबाना मुल्ला यांचं बाळ". मी सिस्टरला म्हटलं, आता नाव लिहा की. ती म्हणाली, पद्धत नाही. मग पेन काढून विचारलं, "दी पहिली का दुसरी?" मी मराठीची शिक्षिका. मी म्हटलं, "दुसरी."

तिनं लिहिलं. मग विचारलं, "अर्थ काय?"

मी सांगितला. ती पेटीकडं बघत म्हणाली, "बरोबर आहे. रडतच नाही ही."

ते नाव चार दिवस वापरात होतं.

अब्बांनी तो निळा दोरा पुन्हा मशिनला लावला नाही. गणवेशांच्या खिशांवर शाळांची नावं आता ते लाल दोऱ्यानं घालतात.

*

मी चार महिन्यांनी गाडीला परत आले. कुणाला काय बोलायचं याची मी घरून तयारी करून आले होते. कुणी काही विचारलंच तर "बरी आहे" म्हणायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. आरशासमोर दोनदा म्हणूनही बघितलं.

गाडी फलाटाला लागली. हिराक्का पुढं धावली आणि सवयीनं दोन रुमाल टाकले.

पांढरा आणि पिवळा.

टाकल्यावर तिच्या लक्षात आलं. तिचा हात तसाच खिडकीत राहिला. मी आत चढले, माझ्या सीटवर बसले. पिवळा रुमाल शेजारी. उचलायचा कुणी? मी उचलला तर हिराक्काला वाईट वाटणार, हिराक्कानं उचलला तर मला. पाटील मॅडम बुटाचा बंद बांधत होत्या. त्यांच्या बुटाला बंद नव्हता.

गाडी भरली. कवलापूरला विमलताई चढली, तिनं बघितलं, आणि उभी राहिली. माधवनगरला चढलेले एक म्हातारे जागा शोधत आमच्यापर्यंत आले. रुमाल उचलायला वाकले.

"ती सीट धरलीय," जाधव कंडक्टर म्हणाले.

"कुणी?"

"धरलीय म्हटलं ना बाबा. तुम्ही माझ्या जागेवर बसा."

जाधव तासगावपर्यंत दांड्याला धरून उभे होते. तिकिटं कधीच काढून झाली होती. उतरताना हिराक्कानं रुमाल उचलला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला. मला म्हणाली, "चुकलं माझं."

मी "बरी आहे" म्हणाले. तयारी केलेली होती ना.

*

त्यानंतर ते नाव गाडीत कुणीही घेतलं नाही. माणसं चांगली असली की असं करतात. "तुमचं ते झालं तवा", "त्या टायमाला", "मधे तुम्ही नव्हता". पाटील मॅडम तर एकदा पाऊस हा शब्द टाळायला गेल्या आणि "आज वरून पाणी येईल असं वाटतं" म्हणाल्या.

मला काय हवं होतं ते मी सांगू शकले नाही. मला हवं होतं, कुणीतरी ते नाव घ्यावं.

घ्यायचा तो फक्त मोबाइल. सरकारी यादीत नाव गेलेलं होतं, त्यामुळं मेसेज यायचा: दीमा हिच्या लसीकरणाची वेळ झाली आहे. दीड महिन्याचा, अडीच महिन्यांचा, साडेतीन महिन्यांचा. मग एकदा आमच्या गल्लीच्या आशाताई आल्या. चप्पल दाराबाहेर काढून तिथंच उभ्या राहिल्या. "ताई, यादीतून नाव कमी करायचं राहिलंय. माझ्याच्यानं होईना, म्हणून विचारायला आले."

"पुढच्या महिन्यात करा," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यातही त्या आल्या. मीही तेच म्हटलं. असं नववा महिना भरेपर्यंत चाललं. गोवराचा डोस होईपर्यंत. तो सगळ्यात महत्त्वाचा, असं मीच शाळेत पालकांना सांगते.

आणि ती साइट. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी ती उघडून बघायची. लोकप्रियतेची पट्टी जराशी तरी हिरवी झाली का? जे नाव कुणाचंच नसावं म्हणून मी शोधलं, ते आता कुणाचं तरी असावं म्हणून शोधत होते. लांबच्या देशांतल्या दोन दीमा सापडल्या. एक स्वयंपाक शिकवायची. दुसरी दातांची डॉक्टर. डॉक्टरीणबाई मला आवडल्या. हसऱ्या होत्या. नवऱ्याला, इरफानला, त्यांचा फोटो दाखवला तर तो म्हणाला, "दात दुखतोय का तुझा?"

मग त्यानं नाव वाचलं आणि मोबाइल हळूच परत दिला.

*

आता दुसरी मुलगी. गेल्या जूनमधली. पूर्ण दिवसांची, आणि हिचा आवाज तर स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा ऐकू देत नाही. रजा संपल्यावर मी हिला घेऊनच गाडीला यायला लागले; शाळेत हिराक्काच्या नजरेखाली भाताच्या पोत्यांशेजारी झोळी आहे.

पण नऊ महिने झाले तरी हिला नाव नव्हतं. सातव्या दिवशी मला ताप होता. चौदाव्या दिवशी मी कारण काढलं. एकविसाव्या दिवशी कारणही काढलं नाही, नुसती रडले. घरी छकुली, गाडीत बाईसाहेब. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी. जाधव रोज तिकीट मशिन वाजवता वाजवता विचारायचे, "ठेवलं का?" आणि मी रोज मान हलवायची.

माझी सासू, आम्ही त्यांना अम्मी म्हणतो, त्यांचं मत सरळ होतं. "दीमाच ठेव. गेलेलीचं नाव ठेवलं की वाया जात नाही. आमच्या घरात केलेलं आहे. इरफानच्या आधीचा पोरगा दीड वर्षाचा होऊन गेला, त्याचंही नाव इरफानच होतं."

लग्नाला पाच वर्षं झाली होती. हे मला माहीत नव्हतं.

मी इरफानकडं बघितलं. तो जेवत होता. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं, बोटं कायम काळी, पोळीचा तुकडा तो दोनच बोटांनी तोडतो.

"अम्मी हाक मारायची," तो म्हणाला, "मी 'आलो' म्हणून समोर जाऊन उभा राहायचो. कधी कधी तिला वाटायचं, अजून कुणी आलं नाही."

अम्मी उठून आत गेल्या.

मला दोन्ही पटत होतं, हीच तर अडचण. हिला ते नाव दिलं तर ही आयुष्यभर दुसऱ्या कुणाच्या हाकेला ओ देणार. नाही दिलं तर ते नाव चार दिवस वापरलेलं, सिस्टरच्या चिठ्ठीवर आणि अब्बांच्या टोपड्यावर राहून संपणार. पुन्हा कधीच कुणाच्या तोंडी येणार नाही. मी मेल्यावर तर नाहीच. महापालिकेतले क्लार्क म्हणाले होते, फॉर्म शनिवारी आणून द्या. फॉर्म पर्समध्ये, घड्या पडून मऊ झालेला. शुक्रवारपर्यंत त्यावर काहीच नव्हतं. इरफाननं सुचवलेलं नाव मात्र मला मनातून आवडलं होतं. सबा. सकाळची झुळूक. साधं, पुष्कळांचं असतं तसलं. लिहायला पेन काढलं की दीमाचा पाय हलायचा.

*

तर हा त्या शुक्रवारचा किस्सा.

मार्च महिना, सकाळची शाळा. बेदाण्याचा ऐन हंगाम. तासगाव सोडलं आणि आभाळ भरून आलं. विमलताई उठून दारात जाऊन उभी राहिली, शेडचा स्टॉप जवळ आलेला. गाडी थांबली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. वारा नव्हता. आवाज नव्हता. खिडकीतून हात बाहेर काढल्यावरच कळावं इतका बारीक.

शेड रस्त्याला लागूनच आहे. आतून एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी पळत बाहेर आली. मी तिला कधी बघितलं नव्हतं, तिनं मला. तिनं वर बघितलं, वळली आणि आत तोंड करून ओरडली,

"दीमा आली गं! कागद वढा, दीमा आली!"

आतून दोन-तीन बायकांचा आवाज आला, "आली व्हय? आलो, आलो." प्लास्टिकचे कागद ओढल्याचा सळसळाट.

विमलताई गाडीच्या पायरीवर होती. एक पाय खाली, एक वर. ती तशीच थांबली. मागं बघितलं नाही. पाटील मॅडमनी माझा दंड धरला.

मी खिडकीतून वाकून त्या मुलीला विचारलं, "कोण आली?"

"ही काय," तिनं तळहात पुढं केला. "ह्यो बारीक पाऊस वो. गप पडतोय त्यो. आमच्या शेडवर त्याला दीमाच म्हंत्यात."

"कधीपासून?"

"मी दोन सालं झाली हितं हाय. तवापास्नं हेच ऐकतीया." मग जरा हसली. "दुसऱ्या पावसाला शिव्या देतो आमी. हिला द्यायच्या न्हाईत. ताईनं बजावलंय."

ताई खाली उतरली. पदर डोक्यावर घेतला आणि पाठमोरीच म्हणाली, "तोंड काय चालवतीस, हात चालव." आणि त्या मुलीला ढकलत आत गेली.

 हिराक्कानं कमरेचा पिवळा रुमाल काढला. तो अजून तिथंच असतो हे मला तेव्हा कळलं. तिनं आधी स्वतःचे डोळे पुसले आणि मग तो माझ्याकडं दिला. मांडीवर बाईसाहेब जाग्या झालेल्या. त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं होतं आणि बारीक तुषार गालावर आला की डोळे मिटत होत्या.

जाधव जवळ आले. "मॅडम, काच लावा. पोरीच्या तोंडावर येतंय."

"येऊ द्या," मी म्हणाले. "बहीण आहे तिची."

जाधवांनी काच तशीच उघडी ठेवली. मग त्यांनी दोरी ओढून डबल बेल दिली.